दारावरच्या आठ पाट्या : जर्मनीत कोण कधी आलं?

रूहरकाठचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहायला बसलो.

निमित्त मामांचं. उन्हाळ्यात ते पुण्याहून आमच्याकडे गेल्झनकिर्शनला आले होते. रूहरच्या कोळसापट्ट्यातलं हे शहर. पहिल्याच दिवशी इमारतीच्या दारात उभे राहून त्यांनी घंटांवरची नावं मोठ्याने वाचली आणि विचारलं, "अरे, यात जर्मन कोण?" मी उत्तर द्यायला गेलो आणि अडलो.

आठ घरं, आठ पाट्या. हॉफमन, यिल्माझ, वेबर, सादोव्स्की, रोस्सी, अल-अहमद, थोरल्या यिल्माझांचा मुलगा, आणि आम्ही. मामांनी हॉफमन आणि वेबर यांच्यावर बोट ठेवलं. हॉफमनबाईंचे आईवडील 1946 साली ब्रेस्लाऊहून, म्हणजे आताच्या पोलंडमधून, एका बोचक्यानिशी आले. वेबर कुटुंब 1993 मध्ये कझाकस्तानातून आलं, घरात अजून रशियन बोलतात. आणि ज्यांना मामा "हे पोलिश ना?" म्हणाले ते सादोव्स्की आजोबा या दारातले सगळ्यांत जुने. त्यांचे आजोबा सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या खाणीत उतरले.

जर्मनीतली राजकारणी मंडळी कित्येक दशकं एकच वाक्य म्हणत आली, की आपला देश स्थलांतरितांचा देश नाही. मला वाटतं या एका वाक्याने माणसांचं जेवढं नुकसान केलं तेवढं क्वचितच कशाने केलं असेल. कारण लोक येतच होते, आणि आलेल्यांसाठी काही करायची गरज नाही असं मात्र ठरून गेलं होतं.

फार मागे जात नाही. 1685 मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगेनो प्रोटेस्टंटांना ब्रांडेनबुर्गच्या शासकाने बोलावून घेतलं, वीसेक हजार आले, बर्लिन त्यांच्यामुळे बदललं. एकोणिसाव्या शतकात उलटं वारं होतं. पन्नास लाखांहून जास्त जर्मन बोटीत बसून अमेरिकेला गेले. 1890 नंतर तो ओघ आटला आणि कारखान्यांना माणसं कमी पडायला लागली.

मला सांगायचंय ते इथल्या खाणींबद्दल. 1870 नंतर रूहरमध्ये एकेक खाण खोल जाऊ लागली. मालकांची माणसं पूर्वेकडे फिरून मजूर गोळा करू लागली, पोझेनमधून, पश्चिम प्रशियातून, माझुरियातून. पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हता. प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी तो वाटून घेतला होता. प्रशिया हे तेव्हा जर्मनीतलं सगळ्यांत मोठं राज्य, रूहरही त्यातच. म्हणजे आलेले लोक प्रशियाचीच प्रजा. कोकणातला माणूस गिरणीत यावा तसं हे देशातल्या देशातलं स्थलांतर. 1908 सालची एक जाहिरात इथे प्रसिद्ध आहे. राउक्सेलजवळच्या खाणीने माझुरियातल्या लोकांना साद घातली होती, की या, तुमच्या गावासारखीच वस्ती बांधलीय, घराला बाग आहे, डुकराला आणि शेळीला गोठा आहे. ज्याची जमीन सावकाराकडे गेली त्याला आणखी काय हवं होतं?

पहिल्या महायुद्धापर्यंत असे चार-पाच लाख लोक रूहरमध्ये आले. बोखुममध्ये 1890 पासून पोलिश वर्तमानपत्र निघत होतं, 1902 मध्ये पोलिश कामगारांची स्वतःची युनियन उभी राहिली. आणि सरकार बिथरलं. 1899 मध्ये नियम आला, की ज्याला जर्मन येत नाही त्याला खाणीत जबाबदारीचं काम नाही. कारण सुरक्षेचं दिलं होतं आणि त्यात तथ्यही होतं, जमिनीखाली सूचना कळली नाही तर माणसं मरतात. पण भाषा शिकवायची सोय कुणी केली नाही. त्याच वर्षी हेर्नेमध्ये तरुण पोलिश कामगारांचा संप झाला, सैन्य आलं, माणसं मेली. 1908 च्या कायद्याने तर जाहीर सभा जर्मनमध्येच घ्यायची सक्ती केली.

माझुरियाचे लोक आणखी निराळे. भाषा पोलिशच्या घराण्यातली, पण धर्माने प्रोटेस्टंट आणि निष्ठा कैसरवर, म्हणजे जर्मन सम्राटावर. "आम्हाला पोलिश म्हणू नका" हा त्यांचा आग्रह. 1920 साली त्यांच्या मूळ प्रांतात जर्मनी हवा की पोलंड यावर मतदान झालं तेव्हा 97 टक्क्यांहून जास्त मतं जर्मनीच्या बाजूने पडली. इथल्या शेजाऱ्यांना हा फरक कळत नव्हता. त्यांच्या लेखी सगळे '-स्की' एकच.

गावचा फुटबॉल क्लब शाल्के. त्याला हिणवून पोलिशांचा क्लब म्हणत. स्झेपान आणि कुझोरा हे त्याचे दोन थोर खेळाडू, दोघांची घराणी माझुरियाची. 1934 मध्ये क्लब जर्मनीचा विजेता झाला तेव्हा पोलंडच्या वर्तमानपत्रांनी आनंद साजरा केला आणि इथे क्लबला जाहीर खुलासा करावा लागला, की आमच्या खेळाडूंचे आईबाप जर्मनच आहेत. जिंकल्यावरसुद्धा कागद दाखवावे लागले.

पुढे काय झालं? पहिल्या महायुद्धानंतर ढोबळमानाने एक तृतीयांश लोक नव्या पोलंडला परतले, एक तृतीयांश उत्तर फ्रान्सच्या खाणींत गेले, उरलेले इथे राहिले. अनेकांनी आडनावं बदलली. 1939 मध्ये नाझींनी पोलिश संस्था बंद केल्या, पुढाऱ्यांना छळछावण्यांत टाकलं. मुलांना भाषा शिकवायची हिंमत कुणाला राहिली नाही. आज सादोव्स्की आजोबांना पोलिशमधला एकच शब्द येतो, तोही तो पोलिश आहे हे माहीत नसताना. हातोड्याला ते 'मोटेक' म्हणतात. या भागात सगळेच म्हणतात.

बाकीच्या पाट्यांबद्दल तुम्हीही भर घाला. या मंचावरचे बरेच मराठी लोक जर्मनीत आहेत.

नीरजा_सांगली

फार छान लिहिलंय, दादा. 'मोटेक'वर थांबले. आमच्या शाळेत युरोपचा इतिहास म्हणजे दोन महायुद्धं आणि मधे तह, एवढाच होता.

एक प्रश्न. तुर्की लोकांना 'पाहुणे कामगार' का म्हणायचे? पाहुण्याला कुणी कामाला लावतं का?

रूहरकाठचा

नीरजाताई, शब्दातच सगळा करार आहे. पाहुणा म्हणजे जाणारा.

पश्चिम जर्मनीचा इटलीशी कामगार भरतीचा करार झाला 20 डिसेंबर 1955 ला. मग 1960 मध्ये स्पेन आणि ग्रीस, पुढे मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया, युगोस्लाव्हिया. तुर्कस्तानशी 30 ऑक्टोबर 1961 ला. बर्लिनची भिंत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उभी राहिली होती आणि पूर्वेकडून येणारे कामगार एका रात्रीत थांबले होते.

थोरले यिल्माझकाका 1970 मध्ये आले. इस्तंबूलमधल्या जर्मन भरती कार्यालयात तपासणी कशी व्हायची ते त्यांनी मला दोनदा सांगितलंय आणि दोन्ही वेळा आवाज खाली गेला. दहा-बारा पुरुष एका खोलीत चड्डीवर उभे. दात बघणार, छातीचा फोटो काढणार, लघवी तपासणार. त्यांच्या पुढचा माणूस दातांवरून नापास झाला, तो भिंतीला टेकून रडत होता. पास झालेल्यांना सिर्केजी स्टेशनवरून गाडी. दोन-अडीच दिवस बसून प्रवास, म्युनिकच्या 11 नंबरच्या फलाटावर उतरायचं, खालच्या जुन्या बंकरमध्ये गरम जेवण, आणि तिथून कारखान्यांप्रमाणे वाटणी.

मूळ तुर्की करारात दोन वर्षांची मुदत होती, मग परत. 1964 मध्ये ती काढली, आणि काढायला लावली ती कारखानदारांनी. शिकवलेला माणूस दोन वर्षांत घालवून नवा शिकवणं त्यांना परवडेना. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला कलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर दहा लाखावा पाहुणा कामगार उतरला. आर्मांदो रॉड्रिगेस, पोर्तुगालमधला सुतार. बँड वाजवून त्याला मोपेड भेट दिली. तो फोटो इथल्या शालेय पुस्तकांत असतो. तो पुढे आजारी पडून पोर्तुगालला परतला आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वारला. जर्मनीत आजाराची भरपाई मिळण्याचा हक्क होता हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, जमवलेली पुंजी उपचारात गेली. फोटोखाली हे लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

मृणाल_ऱ्हाईन

पाहुणे कामगार म्हटलं की सगळे पुरुषांबद्दल बोलतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

माझ्या सासूबाई ग्रीक. 1969 मध्ये एकविसाव्या वर्षी एकट्या आल्या, नॉइसमध्ये कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कारखान्यात लागल्या. शेजारी तुर्की, युगोस्लाव, स्पॅनिश, इटालियन बायका. सगळ्यांना 'हलक्या कामाची' वेतनश्रेणी, नंबर 2. काम तेच, पुरुषाला जास्त पैसे. हे खास बायकांसाठी काढलेलं खातं होतं, कारण बायकांना उघडपणे कमी पगार द्यायला कोर्टाने 1955 मध्येच मनाई केली होती. मग नाव बदललं.

ऑगस्ट 1973 मध्ये या बायकांनी काम थांबवलं. मागणी दोन ओळींची, ही श्रेणी रद्द करा आणि तासाला एक मार्क वाढवा. पहिल्या दिवशी पोलिसांनी फाटकावर बायकांना ओढलं. सासूबाईंच्या कोपरावर अजून व्रण आहे, अंघोळीला मदत करताना मला दिसतो. चार-पाच दिवसांनी जर्मन कुशल कामगारही बाहेर आले आणि पारडं फिरलं. त्या दिवशी बायकांनी त्यांना लाल गुलाब दिले. श्रेणी रद्द झाली, एक पूर्ण मार्क नाही मिळाला पण निम्म्याहून जास्त मिळाला.

त्याच महिन्यात कलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांचा संप झाला. सुट्टीवरून उशिरा परतले म्हणून शेकडो जणांना काढलं होतं. तिथे बहुतेक जर्मन सहकारी बाजूला उभे राहिले आणि संप मोडला. सासूबाई म्हणतात, आमच्याकडे गुलाब होते, त्यांच्याकडे कुणी आलंच नाही.

देशमुख_वि

लेख माहितीपूर्ण आहे, तरी थोडं वेगळं मत मांडतो. मी म्युनिकजवळ सतरा वर्षं आहे. खाणीत कामाला आलेला माणूस आणि 2015 मध्ये आलेले 8 लाख 90 हजार आश्रयार्थी यांची एकच गोष्ट करून चालणार नाही. पहिल्याला दुसऱ्या दिवशी काम होतं. दुसऱ्याला शिबिरात वर्ष-दीड वर्ष कागदाची वाट बघावी लागली. शाळांवर ताण आला, घरं मिळेनाशी झाली, माझ्या मुलीच्या वर्गात निम्म्या मुलांना शिक्षिकेचं बोलणं कळत नव्हतं. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी एएफडी पक्षाला 20.8 टक्के मतं पडली. सगळ्यांना द्वेष्टे म्हणून मोकळं होणं मला योग्य वाटत नाही.

रूहरकाठचा

देशमुखसाहेब, वर्गाची तक्रार खरी आहे, ती मी खोडणार नाही. आमच्याकडच्या शाळांत स्थिती याहून बिकट आहे. आश्रयाला आलेल्यांपैकी पुरुष बरेचसे कामाला लागले, बायका मात्र फार मागे आहेत, हेही खरं.

पण संख्येचं बोलायचं तर हॉफमनबाईंकडे बघा. 1945 नंतर पूर्वेकडच्या प्रांतांतून हाकललेले सुमारे 1 कोटी 20 लाख जर्मन दोन्ही जर्मनींत आले. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये तीन माणसांतला एक निर्वासित होता. देश बेचिराख. शेतकऱ्यांच्या घरांत सरकार सक्तीने खोल्या घेत होतं. आलेले लोक जर्मनच, भाषा जर्मनच, तरी त्यांना शिव्या पोलिश म्हणूनच मिळाल्या. प्रोटेस्टंट गावात कॅथलिक आले म्हणून विहिरीवर भांडणं. हॉफमनबाईंच्या आईला शेतकऱ्याच्या बायकोने चुलीची वेळ ठरवून दिली होती, रात्री नऊनंतर.

आणि मग सरकारने काय केलं? 1952 मध्ये कायदा केला. ज्यांची घरंदारं शाबूत होती त्यांच्या मालमत्तेच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने वसूल करून ज्यांचं सगळं गेलं त्यांना दिली. शेवटचे हप्ते 1979 मध्ये भरले गेले. लोक एकमेकांवर प्रेम करायला लागले म्हणून ते मिसळले नाहीत. घरं बांधली, पैसा फिरवला, मतदानाचा हक्क होता. तुर्कांच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही.

लाइपझिगची_वाट

पश्चिमेबद्दलच बोललं जातं, म्हणून पूर्वेचं लिहितो.

पूर्व जर्मनीनेही माणसं आणली, समाजवादी बंधुभावाच्या नावाखाली. 1980 च्या कराराने व्हिएतनामी आले, 1989 पर्यंत साठेक हजार. वसतिगृहात ठेवायचे, जर्मनांशी मिसळू द्यायचे नाहीत. बाई गरोदर राहिली तर गर्भपात कर नाही तर परत जा. मोझांबिकहून आलेल्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा कापून घेतला, परत गेल्यावर मायदेशी मिळेल म्हणून सांगितलं. तो बहुतेकांना मिळाला नाही. तिकडे राजधानी मापुतोमध्ये ती माणसं अजून निदर्शनं करतात.

भिंत पडली आणि या सगळ्यांची नोकरी सगळ्यांत आधी गेली. ऑगस्ट 1992 मध्ये रोस्टोकच्या लिख्टनहागेन वस्तीत, जिच्या भिंतीवर सूर्यफुलांचं मोठं चित्र आहे त्या इमारतीला, जमावाने आग लावली. आत शंभराहून जास्त व्हिएतनामी होते. खाली हजारो लोक टाळ्या वाजवत होते आणि पोलीस निघून गेले होते. अडकलेले लोक वर चढून छतावरून शेजारच्या इमारतीत उतरले म्हणून वाचले. पुढच्या वर्षी 29 मे ला झोलिंगेनमध्ये गेंच कुटुंबाचं घर जाळलं, पाच मुली आणि बायका गेल्या. झोलिंगेन पश्चिमेत आहे, हे लक्षात घ्या.

त्या कुटुंबाच्या आई मेवल्यूदे गेंच पुढे 2022 मध्ये जाईपर्यंत सलोख्याबद्दलच बोलत राहिल्या. दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावलेली बाई. मी ते वाचतो तेव्हा पुढे काही लिहवत नाही.

नीरजा_सांगली

यावर काय लिहिणार. सुन्न झाले.

वेबर कुटुंबाबद्दल विचारायचं होतं. कझाकस्तानात जर्मन कसे?

सुहास_जुनाग्रीनकार्ड

नीरजाताई, याचं उत्तर मी देतो, आमच्या ऑफिसात तसे तिघे आहेत.

अठराव्या शतकात रशियाच्या राणी कॅथरिनने जर्मन शेतकऱ्यांना तिथल्या व्होल्गा नदीकाठी वसवलं. 1941 मध्ये हिटलरने हल्ला केल्यावर स्टालिनने त्या सगळ्यांना उचलून कझाकस्तानात आणि सायबेरियात टाकलं. सोव्हिएत संघ मोडल्यावर त्यांचे वंशज जर्मनीत परतले, सगळे मिळून वीस लाखांहून जास्त.

इथे एक गोष्ट मला आल्यापासून खटकते. 1913 चा नागरिकत्वाचा कायदा रक्तावर होता. खापरपणजोबा जर्मन, म्हणून जर्मन न येणाऱ्या माणसालाही पासपोर्ट. आणि डॉर्टमुंडच्या इस्पितळात जन्मलेली, बालवाडीपासून इथे शिकलेली तुर्की मुलगी परदेशी. तिला दर काही वर्षांनी राहण्याच्या परवान्यासाठी रांगेत उभं राहावं लागे. वेबरांना मिळालं ते योग्यच, त्यांनी खूप भोगलंय. त्या मुलीला नाकारलं ते चूक. 1 जानेवारी 2000 ला कायदा बदलला, तोही अर्धा. तेविसाव्या वर्षापर्यंत एक देश निवडायची अट घातली होती.

मी 2001 मध्ये पुण्याहून आलो, संगणकवाल्यांसाठी काढलेल्या 'ग्रीन कार्ड'वर. पाच वर्षांचा परवाना, म्हणजे पुन्हा पाहुणाच. आदल्याच वर्षी इथल्या प्रांतिक निवडणुकीत युर्गेन ऱ्युटगर्स यांच्या प्रचारातून 'भारतीयांऐवजी मुलं' अशी घोषणा गाजली होती. जर्मनमध्ये तिचं यमक जुळतं. ते ती निवडणूक हरले. पण माझ्या पहिल्या घरमालकाने दार उघडल्यावर तीच ओळ हसत म्हणून दाखवली होती. मला तेव्हा कळली नाही, मीही हसलो. सहा महिन्यांनी जर्मन सुधारलं तेव्हा कळली.

2010 मध्ये जर्मनीत भारतीय नागरिक पन्नास हजारही नव्हते, आता अडीच लाखांच्या वर आहेत. गणपतीला सभागृह पुरत नाही. आपल्यातलेच काही जण तुर्क आणि सीरियन लोकांबद्दल जे बोलतात ते ऐकून वाईट वाटतं. आपण ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या परवान्यावर, आलो म्हणजे त्या रांगेत नाही, असं त्यांना वाटतं.

देशमुख_वि

सुहासराव, शेवटचा मुद्दा लागला. मीही तसं बोललो असेन. 2015 बद्दलचं मत कायम आहे, पण 1952 चा तो कायदा मला माहीत नव्हता. त्यावर वाचतो.

मृणाल_ऱ्हाईन

एक भर. 23 नोव्हेंबर 1973 ला तेलाच्या संकटात भरती बंद केली, लोक परत जातील म्हणून. झालं उलटं. एकदा गेलो तर पुन्हा यायला मिळणार नाही हे कळल्यावर लोकांनी जाणंच सोडलं आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. तोपर्यंत आलेल्या 1 कोटी 40 लाखांपैकी 1 कोटी 10 लाख परत गेले होते. 1979 मध्ये परदेशी लोकांच्या प्रश्नांसाठी सरकारने नेमलेले हाइन्झ क्यून यांनी सरकारलाच अहवाल दिला, की हे लोक राहणार आहेत, मुलांच्या शिक्षणाचं बघा. तो बाजूला ठेवला. 1983 मध्ये उलट 10,500 मार्क देऊन परत पाठवायची योजना काढली. भाषेचे सरकारी वर्ग सुरू झाले 2005 मध्ये. पहिल्या करारानंतर पन्नास वर्षांनी!

रूहरकाठचा

सगळ्यांचे आभार. दोन बातम्या देतो.

यिल्माझकाकांनी अर्ज केलाय. जून 2024 च्या कायद्याने पहिल्या पिढीच्या पाहुण्या कामगारांना लेखी परीक्षा माफ झाली, बोलता आलं की पुरे, आणि तुर्की पासपोर्टही ठेवता येतो. काकूंचं मत, आता कशाला. काका म्हणाले, एकदा मत टाकायचंय.

दुसरी सादोव्स्की आजोबांची. त्यांच्या पत्नीला सांभाळायला पोलंडहून एक बाई येतात, दोन-दोन महिन्यांच्या पाळीने. त्या घरातच राहतात, त्यांच्या नावाची पाटी नाही. हा धागा लिहिल्याचं मी आजोबांना सांगितलं तर त्यांनी कपाटातून पणजीचं प्रार्थनापुस्तक काढलं. छपाई जुन्या गॉथिक वळणाची, म्हणून त्यांना आयुष्यभर वाटत होतं की ते जुनं जर्मन आहे. अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही. बाईंना दाखवलं तर त्यांना अक्षरंच लागेनात. माझुरियात पोलिश पुस्तकं अशीच जर्मन वळणात छापत, हे मी सांगितलं.

मग आजोबा एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचायला लागले. "ख्लेबा नाशेगो..." बाईंनी हातातली कढई खाली ठेवली. "पुन्हा वाचा," म्हणाल्या. त्यांनी पुन्हा वाचलं आणि पुढची ओळ बाईंनी न बघता म्हटली. आमची रोजची भाकरी आज आम्हाला दे, एवढंच होतं ते. त्या कॅथलिक, हे प्रोटेस्टंट.

आता रोज संध्याकाळच्या कॉफीनंतर एक पान होतं. आजोबा वाचतात, बाई अर्थ सांगतात, आजी ऐकतात. कालपर्यंत सतरा पानं झाली. पुढच्या आठवड्यात बाईंची पाळी संपतेय, तेव्हा आजोबांनी खूण म्हणून अठराव्या पानात बसचं तिकीट घालून ठेवलंय.